टेप शेवटी काढा: कॅथोलिक स्त्रीने शालीन आणि शोभून दिसणारे कपडे कसे निवडावेत

बाही कोपरापर्यंतच हवी का? पँट चालते का? मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, बिनबाह्यांचा झगा घालून गेलं तर फादर काही म्हणतील का? शालीन पेहरावाचा विषय निघाला की पहिले प्रश्न हेच असतात, आणि उत्तर देणारे लगेच टेप काढून बसतात. कोणी गळा मोजतं, कोणी गुडघा. माझं मत असं, की टेप शेवटी काढायची. आधी बघायचं ते वेगळंच: हा कपडा एकदा अंगावर चढवला की दिवसभर विसरता येतो का? उंची नियमात बसते, पण बसताना दर वेळी ओढून धरावा लागतो, तो स्कर्ट नापास. मोजमापात दोन बोटं कमी भरतो, पण वाकलं, बसलं, गुडघे टेकले तरी जागचा हलत नाही, त्याच्यावर विचार करता येईल.

हे सोपं वाटतं, पण कपाट उघडून प्रत्यक्ष करायला गेलं की वेळ लागतो. म्हणून क्रमाने जाऊ.

पहिली पायरी: चर्चने काय सांगितलं आहे, ते आधी नीट वाचा

कॅथोलिक चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथात (1992) शालीनतेचा विषय नवव्या आज्ञेच्या विवेचनात येतो. परिच्छेद 2521 ते 2524 नक्की वाचा, पाच मिनिटांचं काम आहे. तिथे इंच, बोटं, रंग असं काहीच नाही. शालीनता माणसाच्या अंतरंगाचं रक्षण करते, जे झाकलेलं राहायला हवं ते उघड करायला नकार देते आणि कपड्यांची निवड तिच्यातून होते, असं म्हटलं आहे. तिची रूपं संस्कृतीप्रमाणे बदलतात, हेही त्याच ठिकाणी स्पष्ट लिहिलेलं आहे.

मग "गळ्याच्या खळगीखाली दोन बोटं, बाही निदान कोपरापर्यंत, झगा गुडघ्याच्या खाली" हा नियम कुठला? पोप पायस अकरावे यांच्या नावाने तो फिरत असतो. त्यांच्या काळात, 12 जानेवारी 1930 रोजी, रोमच्या एका मंडळाने स्त्रियांच्या पेहरावाबद्दल जगभरच्या बिशपांना पत्र पाठवलं होतं हे खरं. पत्र कडक आहे. अशोभनीय कपड्यांत आलेल्या स्त्रियांना ख्रिस्तप्रसाद देऊ नये, बाप्तिस्म्यात धर्ममाता होऊ देऊ नये, इथपर्यंत ते जातं. पण त्या पत्रात बोटांची मोजमापं नाहीत, आणि आजच्या धर्मशिक्षण ग्रंथात किंवा 1983 च्या धर्मसंहितेतही (चर्चच्या कायद्यांच्या संग्रहात) नाहीत. कोणाला दोन बोटांचा नियम स्वतःसाठी सोयीचा वाटत असेल तर तिने जरूर पाळावा. दुसरीवर तो चर्चची आज्ञा म्हणून लादता येत नाही.

दुसरं टोकही आहे. "देव मन बघतो, कपडे नाही" असं म्हणून सगळा विषयच निकालात काढायचा. धर्मचिंतक संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात या प्रश्नाला एक स्वतंत्र प्रकरण दिलं आहे आणि तिथे त्यांचं नेमकेपण बघण्यासारखं आहे. पेहरावात अतिरेक जसा दोष, तशी हेळसांडही दोष. आपल्या प्रसंगाला शोभेल एवढीही काळजी न घेणं चूक, आणि आपण कपड्यांकडे लक्षच देत नाही याचा तोरा मिरवणं, हीसुद्धा चूक. काय अतिरेक आणि काय नाही, हे ठरवताना ते सर्वांत आधी आपण ज्या लोकांत राहतो त्यांचा रिवाज बघायला सांगतात. म्हणजे जिथे सगळ्या बायकांचे हात उघडे असतात तिथे उघडा हात कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि जिथे तसा रिवाज नाही तिथे येतो. हे तत्त्व कपाटापाशी उभं राहिल्यावर फार उपयोगी पडतं.

दुसरी पायरी: कपाटाची झडती, आरशासमोर

एका दुपारी दार लावून घ्या, मोठा आरसा हवा, आणि सगळे कपडे एकेक करून घाला. हँगरवर बघून काही कळत नाही. घातल्यावर उभं राहून नुसतं समोर बघूनही कळत नाही, कारण आपण दिवसभर पुतळ्यासारखे उभे नसतो.

दोन्ही हात वर करा, उंच फळीवरचा डबा काढताना करतो तसे. पोट उघडं पडतं का? झगा किती वर जातो? मग आरशाकडे तोंड करून वाका, खाली पडलेली वस्तू उचलताना वाकतो तितकं. गळ्याचा खरा अंदाज इथे येतो. उभं राहिल्यावर अगदी साधा वाटणारा गळा, कापड सैल आणि गुळगुळीत असेल तर वाकताच झोळीसारखा लोंबतो. उलट थोडा रुंद पण अंगाबरोबर बसणारा गळा जागचा हलत नाही. गळ्याची खोली आणि गळ्याचं बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक फजिती दुसरीमुळे होते.

आता आरशासमोर खुर्ची ठेवून बसा. उभं असताना गुडघ्याला टेकणारा सरळ स्कर्ट बसल्यावर चार बोटं तरी वर सरकतो; घेरदार असेल तर कमी. पुढे किंवा बाजूला चीर असेल तर ती बसल्यावर कुठपर्यंत उघडते ते बघा. पाय एकावर एक टाकूनही बघा, कारण कधी ना कधी तुम्ही तसं बसणारच.

कॅथोलिक स्त्रीसाठी यात एक जास्तीची चाचणी असते: गुडघे टेकणं. एका गुडघ्यावर, मग दोन्ही गुडघ्यांवर, आणि मग उठणं. फार लांब स्कर्ट इथे पायाच्या टाचेखाली अडकतो आणि उठताना कमरेतून खाली ओढला जातो. लांब म्हणजे सुरक्षित असं मानणाऱ्यांना हा अनुभव वेदीसमोर येऊ नये. घोट्याच्या वर संपणारी लांबी मला म्हणूनच सर्वांत सोयीची वाटते.

नंतर खिडकीकडे पाठ करून उभ्या राहा आणि घरातल्या कोणाला तरी समोरून बघायला सांगा, नाहीतर मोबाइलवर फोटो काढा. मागून उजेड आला की पायांची पूर्ण आकृती दिसते, असे कपडे कितीतरी निघतात, आणि दिव्याच्या उजेडात ते कधीच कळत नाही. बिनबाह्यांच्या कपड्यात हात पुढे करून मुंढा बाजूने तपासा. अंतर्वस्त्र दिसण्याची जागा बहुधा तीच असते. तुम्ही गायनवृंदात असाल आणि गायक वरच्या सज्जात बसत असतील, किंवा तुम्ही वेदीजवळच्या चौथऱ्यावरून वाचन करत असाल, तर लोक तुम्हाला खालून बघतात हे लक्षात ठेवा. त्या दिवसांसाठी झगा एरवीपेक्षा लांब हवा.

या चाचणीत पास झालेले कपडे कपाटात परत. उरलेल्यांचे दोन ढीग: दुरुस्तीचे आणि द्यायचे. दुरुस्तीचा ढीग मोठा असतो, आणि ही आनंदाची गोष्ट आहे.

तिसरी पायरी: टाकण्याआधी दुरुस्ती

नव्याने शालीन पेहरावाकडे वळलेल्या बायका उत्साहात अर्धं कपाट रिकामं करतात आणि मग खरेदीला निघतात. घाई नको. निम्म्याहून जास्त गोष्टी सुई-दोऱ्याने सुटतात.

ब्लाउज छातीपाशी दोन बटणांच्या मध्ये फाकत असेल तर त्या जागी आतून एक टिचबटण लावा. नवीन शिवून घेत असाल तर शिवणाऱ्याला सांगा, की पहिलं बटण छातीच्या सर्वांत उंच रेषेवर धरा आणि बाकीची त्याच्या वर-खाली सारख्या अंतराने बसवा. बटणं गळ्यापासून मोजत खाली आलं की नेमकी हीच जागा दोन बटणांच्या मधे येते आणि मग ब्लाउज कितीही सैल असला तरी फाकतो.

खोल गळ्याला आतून पट्टी लावता येते, किंवा खाली बिनबाह्यांची साधी बनियन घालता येते. पट्टी जास्त चांगली, कारण बनियनने उन्हाळ्यात जीव नकोसा होतो आणि मग ती हळूहळू घातली जात नाही. रुंद गळ्यातून अंतर्वस्त्राचे पट्टे बाहेर येत असतील तर खांद्याच्या शिवणीत आतून दोऱ्याचा छोटा फास आणि टिचबटण लावा, पट्टा त्यातून जातो आणि जागेवर राहतो.

स्कर्ट आखूड असेल तर आधी खालची दुमड उलटून बघा. चांगल्या शिलाईत तिथे माया सोडलेली असते, ती उसवून खाली घेता येते. जुन्या दुमडीची रेघ मात्र काही कापडांवर कायमची राहते. त्यावर सपाट फीत लावली की झाकली जाते. माया नसेल तर दुसऱ्या रंगाच्या कापडाची रुंद पट्टी जोडा, आणि ती नाइलाजाने जोडलेली वाटू नये म्हणून तोच रंग बाहीच्या टोकाला किंवा पट्ट्यात एकदा परत आणा. चीर फार वर गेली असेल तर हातशिलाईने दहा मिनिटांत खाली आणता येते. पूर्ण बंद मात्र करू नका. अरुंद स्कर्टला चीर चालण्यासाठी दिलेली असते. ती बंद केली की पाऊल अडतं.

कापड पारदर्शक असेल तर अस्तर किंवा परकर. पांढऱ्या कपड्याखाली पांढरं घातलं की ते हमखास दिसतं. आपल्या त्वचेच्या रंगाशी जुळणारं घातलं की दिसत नाही. इतकी साधी गोष्ट, पण अनेकींना कोणी सांगितलेलीच नसते.

चौथी पायरी: नवीन घेताना आधी कापड, मग रंग, मग नमुना

कापडाला हात लावल्याशिवाय निर्णय घेऊ नका. कापडाचा एक पदर तळहातावर धरून उजेडाकडे करा. बोटं वेगवेगळी दिसत असतील तर अस्तराशिवाय ते उपयोगाचं नाही. मग मुठीत धरून सोडा: सुती आणि लिनन चुरगळतं पण अंगापासून थोडं सुटं राहतं, रेयॉन आणि क्रेप छान पडतं पण अंगाच्या वळणांवरून वाहतं, पातळ जर्सी जिथे टेकते तिथे चिकटते. पॉलिस्टर कोरड्या हवेत पायांना चिकटतं, तेव्हा त्याला सुती परकर लागतो. ताणलं जाणारं कापड घेताना ते ताणून परत मूळ आकारात येतं का ते बघा. न येणारं कापड चार धुण्यांनंतर गुडघ्यापाशी आणि बसण्याच्या जागी फुगतं.

माप हा पुढचा मुद्दा, आणि इथे दोन्ही बाजूंनी चुका होतात. तंग कपडा कसा ओळखायचा? आडव्या सुरकुत्या. छातीवर, नितंबांवर, दंडावर आडवी रेघ ओढल्यासारखी सुरकुती असेल तर कापड तिथे ताणलं गेलं आहे, आकडा काही का लिहिलेला असेना. त्वचेचा कणही न दाखवणारा पण रंगासारखा अंगाला चिकटलेला लांब झगा शालीन नाही. दुसऱ्या बाजूला, दोन मापं मोठा घेऊन त्यात हरवून जाणं. तो गळ्यात लोंबतो, मुंढ्यात उघडा पडतो, आणि घालणारीला वाटतं की आपलं शरीर लपवण्याच्याच लायकीचं आहे. हा विचार कॅथोलिक नाही. देवाने निर्माण केलेलं शरीर चांगलं आहे. शालीनता ते अनमोल मानते म्हणून झाकते, लाज वाटते म्हणून नव्हे.

म्हणून अंगाचा जो भाग सर्वांत रुंद, त्याला बसेल असं माप घ्या आणि बाकीचं आत घेऊन शिवून घ्या. नितंब रुंद आणि कंबर बारीक असेल तर कंबर आत घ्यावी लागेल. खांद्याची शिवण मात्र पहिल्यापासूनच बरोबर बसली पाहिजे. खांदा दुरुस्त करणं कटकटीचं आणि बहुधा फसणारं काम.

पाचवी पायरी: शालीन म्हणजे कळाहीन नव्हे

फुलाफुलांचे लांब झगे, लेसची कॉलर आणि फिकट रंग. छायाचित्रांमधून ‘कॅथोलिक स्त्रीचा पेहराव’ म्हणून एकच साचा समोर येतो. ज्यांना तो आवडतो त्यांनी आनंदाने घालावा. पण ते एका काळाच्या आणि एका भागाच्या फॅशनचं रूप आहे, श्रद्धेचा भाग नाही. संतांच्या यादीत राणी आहे, शेतकरीण आहे, संन्यासिनी आहे आणि दोन महायुद्धांच्या मधल्या काळात वाढलेली डॉक्टरही आहे. संत जियाना बेरेटा मोल्ला (1922–1962) रुग्ण तपासत, डोंगरात भटकत, स्कीइंग करत, आणि चांगले शिवलेले कपडे त्यांना मनापासून आवडत. 2004 मध्ये त्यांना संतपद मिळालं, तेव्हा कोणी त्यांच्या कपाटाची तक्रार केली नाही.

आता पँट. यावर इतके वाद होतात की थोडं थांबायला हवं. विरोध करणारे बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं 22:5 हे वचन दाखवतात: स्त्रीने पुरुषाचा वेश घालू नये. शिवाय जेनोआचे कार्डिनल सिरी यांचं 12 जून 1960 चं पत्र दाखवतात, ज्यात स्त्रियांच्या पँट घालण्याबद्दल गंभीर चिंता आहे. ते पत्र वाचण्यासारखं आहे, कारण त्यांचा मुख्य आक्षेप उघडेपणावर नाहीच. पँट स्कर्टपेक्षा जास्त झाकते हे ते मान्य करतात. पुरुषाचा वेश घेतल्याने स्त्रीच्या मनोवृत्तीवर आणि नात्यांवर काय परिणाम होईल, हा त्यांचा प्रश्न होता. पण ते एका बिशपांचं पत्र होतं, सार्वत्रिक चर्चचा कायदा नव्हे. आणि तेव्हा पुरुषाचा समजला जाणारा कपडा आज बऱ्याच ठिकाणी बायकांसाठी वेगळ्या कापाने शिवला जातो. अक्वायनस यांनीही गरज पडली तर, शत्रूपासून लपायला किंवा दुसरा कपडा नसेल तर, स्त्रीने पुरुषाचा वेश घालणं पाप नाही असं म्हटलेलं आहे. पुरुषी वेशाचा आरोप ज्यांच्यावर ठेवला गेला त्या जोन ऑफ आर्क 1431 मध्ये जाळल्या गेल्या आणि 1920 मध्ये संत घोषित झाल्या.

माझा निवाडा असा: पँट चालते, पण निवडायला स्कर्टपेक्षा अवघड. ती नितंबांवर ताणलेली नसावी, वाकल्यावर कमरेमागे उघडी पडू नये, आणि वरचा कपडा मांडीच्या सुरुवातीपर्यंत आला तर बहुतेक प्रश्न तिथेच मिटतात. उंच कमरेची, सरळ किंवा रुंद पायांची पँट घेतली की निम्मं काम होतं.

स्त्रीत्व दाखवायला झालर लागतेच असं नाही. कमरेशी हलकी चुणी, मनगटाशी निमुळती होणारी बाही, चेहऱ्याला उजळवणारा रंग, व्यवस्थित केस, कानात छोटंसं काहीतरी. यातलं एक-दोन पुरे होतं. नीतिसूत्रांच्या 31 व्या अध्यायातली ती कर्तबगार गृहिणी तागाची आणि जांभळी वस्त्रं वापरते. जांभळा तेव्हाचा महागडा रंग. बायबल तिला त्याबद्दल रागावत नाही. आणि थोड्याच ओळींनंतर सामर्थ्य आणि प्रतिष्ठा हीच तिची वस्त्रं आहेत असं म्हणतं.

सहावी पायरी: कुठे जायचं आहे?

1957 च्या नोव्हेंबरात पोप पायस बारावे फॅशनच्या व्यवसायातल्या लोकांसमोर बोलले. कपड्याला तीन कामं असतात, असं त्यांनी सांगितलं: आरोग्य, मर्यादा आणि शोभा. प्रसंगानुसार कपडे निवडताना ही तिन्ही तपासून बघा. थंडीत कुडकुडवणारा झगा पहिल्यावरच नापास.

मिस्सासाठी धर्मशिक्षण ग्रंथाचा परिच्छेद 1387 पुरेसा आहे: ख्रिस्त आपला पाहुणा होतो त्या क्षणाचा आदर, गांभीर्य आणि आनंद आपल्या वागण्यात आणि कपड्यांत दिसावा. आनंदही, हे विसरू नका. रविवारी आठवड्यातला सर्वांत चांगला पोशाख काढा, खांदे आणि गुडघे झाकलेले असू द्या. रोमच्या सेंट पीटर बॅसिलिकाच्या दारावर पर्यटकांना हीच अट असते, पुरुषांनाही. एक हलकी शाल पिशवीत ठेवली की ऐन वेळचे प्रश्न सुटतात.

डोक्यावर ओढणी किंवा जाळीचा रुमाल घ्यायचा का? 1917 च्या धर्मसंहितेत (नियम 1262) स्त्रियांनी डोकं झाकावं असं होतं. 1976 मध्ये रोमच्या विश्वासविषयक मंडळाने ही प्रथा आता बंधनकारक नाही असं नमूद केलं, आणि 1983 च्या संहितेत हा नियम नाही. ज्यांना त्यातून प्रार्थनेत मन लागतं त्यांनी घ्यावी. ती सतत घसरत असेल तर आतून छोटी कंगव्याची क्लिप शिवा, नाहीतर प्रवचनभर हात डोक्यावरच राहतो.

पोहणं, व्यायाम, शेतातलं काम, डॉक्टरांकडची तपासणी. इथे करोल वोय्तिवा, म्हणजे पुढचे पोप जॉन पॉल दुसरे, यांनी 1960 मधल्या एका ग्रंथात मांडलेला विचार मार्ग दाखवतो. उघड्या अंगाचं माप पाहून काही ठरत नाही. कपडा त्याच्या कामाच्या जागी आहे का हे बघावं लागतं. पोहण्याचा पोशाख पाण्यात योग्य. तोच घालून बाजारात फिरणं अयोग्य. व्यायामाच्या तंग पँटवर मांडीपर्यंतचा टीशर्ट घातला तर घर ते व्यायामशाळा हा रस्ताही निभावतो. पोहायला लहान बाह्यांचा, मांडीपर्यंतचा पोशाख आता सहज मिळतो. तो घेताना पांढरा किंवा फिकट रंग टाळा, ओला झाला की आरपार दिसतो.

गरोदरपणी पोटाची गोलाई दिसणार, दिसू द्या. त्यात लपवण्यासारखं काही नाही. फक्त पुढून झगा वर उचलला जातो, म्हणून समोरची उंची मागच्यापेक्षा थोडी जास्त ठेवून घ्या. अंगावर पाजणाऱ्या आईला मिस्सामध्ये बाळाला दूध पाजायला लाज वाटायचं कारण नाही. पुढे बटणं असलेला ब्लाउज आणि एक शाल पुरते. पोप फ्रान्सिस यांनी सिस्टाइन चॅपेलमध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी आयांना, बाळ भुकेलं असेल तर पाजा, असं सांगितलेलं आहे.

लग्नाचा पोशाख निवडताना मात्र दुकानदाराच्या आधी फादरशी बोला. वेदीसमोर बराच वेळ पाठ लोकांकडे असते, त्यामुळे पाठीचा गळा समोरच्याइतकाच महत्त्वाचा. उघड्या खांद्यांचा नमुनाच हवा असेल तर धर्मविधीपुरतं घालायचं छोटं जाकीट त्याच कापडातून शिवून घ्या.

सातवी पायरी: पैसा आणि मिरवणं

हा भाग बहुतेक जण वगळतात, आणि बायबलमध्ये प्रेषित पौलाने नेमकं हेच सांगितलं आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (2:9-10) त्याने स्त्रियांना शालीनतेने सजायला सांगितलं, आणि लगेच काय टाळायचं ते मोजलं: केसांच्या विशेष रचना, सोनं, मोती, भारी किमतीची वस्त्रं. गुडघ्याचा उल्लेख नाही. त्याच्या डोळ्यांसमोर मंडळीत येऊन श्रीमंती मिरवणाऱ्या बायका होत्या. याकोबाच्या पत्रातही (2:2-4) सोन्याची अंगठी घालून आलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यातल्या गरिबाला उभं ठेवणं, यावर ताशेरे आहेत. म्हणजे गळा बंद, बाही पूर्ण, आणि किमतीने शेजारणीला खाली बघायला लावणारा झगा पौलाच्या कसोटीवर उतरत नाही.

संत फ्रान्सिस दि सेल्स यांनी 1609 मध्ये सामान्य संसारी माणसांसाठी लिहिलेल्या पुस्तकात याचा तोल फार छान सांभाळला आहे: भाविक माणसं बैठकीत सर्वांत नीटनेटकी असावीत, पण सर्वांत कमी दिखाऊ. त्यांना मळके, फाटके कपडेही खपत नाहीत.

घेताना तीन प्रश्न पुरतात. आहे त्या कपड्यांपैकी निदान दोन-तीनांबरोबर हे जुळतं का? धुवून वापरण्याजोगं आहे का? हे घेतल्याने महिन्याच्या खर्चातलं दुसरं काही अडतं का? शालीन पेहरावाच्या नावाने विकली जाणारी महागडी लेबलं आता पुष्कळ आहेत; साध्या दुकानातला, वापरलेल्या कपड्यांच्या विक्रीतला किंवा बहिणीने दिलेला लांब स्कर्टही तेच काम करतो. आणि आपल्या साधेपणाचे रोज फोटो टाकायची ओढ लागली, तर अक्वायनस यांचं ते तोऱ्याबद्दलचं वाक्य पुन्हा एकदा वाचा.

आठवी पायरी: मुली, आणि बाकीच्या बायका

पुरुषांच्या नजरेची सगळी जबाबदारी स्त्रीच्या झग्यावर टाकणारा उपदेश ऐकला की मत्तय 5:28-29 उघडा. वाईट नजरेने बघणाऱ्याला येशू स्वतःचा डोळा उपटून टाकायला सांगतो. ज्या स्त्रीकडे तो बघतो तिला तो काही सुनावत नाही. आपण जपून पेहराव करतो तो प्रेमापोटी आणि स्वतःच्या प्रतिष्ठेपोटी. कोणाच्या पापाचा हिशेब आपल्या बाहीत बसत नाही. आणि शालीनता मुलग्यांनाही शिकवायची असते, हे घरात विसरलं जातं.

वयात येणाऱ्या मुलीचा गळा पाहुण्यांसमोर मोजू नका. तिच्या शरीरावर शेरा तर कधीच नको. दुकानात जाण्याआधी घरी तिला आरशाची चाचणी शिकवा: हात वर, वाकणं, बसणं, गुडघे टेकणं. मग रंग, नमुना, कॉलर सगळं तिला निवडू द्या आणि कपडे घालून बघायच्या खोलीत तिने स्वतःच ती चाचणी करून निकाल सांगावा. तुम्हाला न आवडणारा भडक हिरवा तिने निवडला आणि तो चाचणीत पास झाला, तर तो घ्यायचा.

चर्चमध्ये एखादी बाई तुम्हाला न पटणाऱ्या कपड्यात आली, तर तिला शाल नेऊन देऊ नका आणि कानातही काही सांगू नका. ती कित्येक वर्षांनी पहिल्यांदा आली असेल, किंवा थेट कामावरून आली असेल. घोषणा करायची असेल तर ती फादर सगळ्यांना उद्देशून करतील, ते त्यांचं काम. तुमची मैत्रीण असेल आणि तिने स्वतःहून विचारलं, तर तिच्या घरी जा, कपाट उघडा, आणि जाताना टिचबटणांची पुडी व सुई-दोरा बरोबर घेऊन जा.